शंभर पाण्याचं तूप

संग्रामपूर
२ नोव्हेंबर २०२५, रविवार

अनुपमा, पोरी,

घरात मोबाइल असून मामा पत्र लिहायला बसला म्हणून हसशील. हस. कान आता पार गेले आहेत. फोनवर पलीकडचं माणूस बोलतं ते मला डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं, आणि मी आपला 'हाव, हाव' म्हणत राहतो. परवा तू काहीतरी विचारलंस, मी हाव म्हटलं, तू खूश होऊन फोन ठेवलास. काय कबूल केलं ते मला अजून माहीत नाही. पडद्यावरची बारीक अक्षरं दाबणं जमत नाही. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरकी केली, औषधाच्या चिठ्ठ्या लिहिल्या, हात अजून थरथरत नाही. तेव्हा पत्रच.

तुझ्या मामीला जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं. तिचं शंभर पाण्याचं तूप तुला आठवत असेल. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, पाणी घालून तळहातानं फेटायचं, ते पाणी टाकायचं, नवं घालायचं. असं शंभर वेळा. शेवटच्या पाण्याला ते लोण्याहून पांढरं होतं. आमच्या गावचं पाणी खारं, त्यानं तूप धरत नाही, म्हणून ती सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरीचं गोडं पाणी आणवायची. भाजलं, चिरलं, टाचा फुटल्या, अर्ध्या गावाला हेच मलम.

बरणी भरली की तिच्या त्या अनामिकेनं ती मधोमध कुंकवाच्या पाण्याचा एक थेंब दाबायची. लहानपणी चुलीत हात जाऊन त्या बोटाचं टोक कायमचं डावीकडे वळलेलं होतं. मग वरून तुपाचा पातळ हात फिरवायची. थेंब आत राहायचा, कातडीखाली शीर दिसावी तसा. ज्याच्यासाठी बरणी, त्याचं नाव मनात घ्यायची. म्हणायची, "थेंब काठाले आला का दुखनं गेलं समजा." मी दवाखान्याचा माणूस, हसायचो.

जाण्याआधी पंधरा दिवस तिनं एक बरणी माझ्यासाठी केली. मला तेव्हा काही झालेलंही नव्हतं. ती मी अजून उघडलेली नाही. तिच्या हातचं शेवटचं, संपवायचं कशाला? उन्हाळाभर ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवली. झाकण काचेचं आहे, वरून दिसतं. वर्षभर थेंब मधोमध होता.

गेल्या गुरुवारी दुपारी पाहिलं तर तो मधोमध नव्हता. तांदळाच्या दाण्याएवढा सरकला होता. बरणीला मी हात लावलेला नाही आणि घरात माझ्याशिवाय कोणी नाही.

तू पुण्याच्या प्रयोगशाळेत घट्ट मिश्रणातले थेंब कसे हलतात तेच पाहत बसतेस, असं तुझी आई सांगते. मग मला एवढंच सांग, असा थेंब आपणहून हलतो का?

बाकी ठीक. नव्या चपलेनं पायाच्या बोटाला जरा खरचटलंय, त्याचं काही नाही.

तुळशीराममामा

*

पुणे
१० नोव्हेंबर

मामा, नमस्कार.

आधी तुम्ही काय कबूल केलं ते. मी विचारलं होतं, "डिसेंबरात पुण्याला राहायला येता ना?" तुम्ही तीन वेळा हाव म्हणालात. आता सुटका नाही.

आणि हो, थेंब आपणहून हलतो. मामीचं तूप म्हणजे तुपात अडकलेले पाण्याचे लाखो बारीक थेंब. लहानमोठे, कसेही पडलेले, एकमेकांना इतके खेटलेले की कुणालाच जागा नाही. नांदुऱ्याहून संध्याकाळी येणारी एसटी आठवा. तुम्ही दांडा धरून उभे आहात, चारी बाजूंनी माणसं. जागच्या जागी चुळबुळ करता येते, बस्स. मग वरवटच्या थांब्यावर मागचा कोणी उतरतो आणि त्याच्यामुळे सहा जण एकदम सरकतात. त्यात तुम्हीही सरकता, आणि का सरकलो ते तुम्हाला कळतही नाही. माझी पाच वर्षं हेच पाहण्यात गेली. थेंब दिवसचे दिवस गप्प असतात आणि मग एखादं टोळकं अचानक हलतं. मिश्रण जितकं जुनं तितकं हे संथ. पण पुढचं टोळकं कधी हलेल ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हा घाबरू नका. हललं की तारीख-वेळ लिहून ठेवा, तुमच्याइतकी नेटकी नोंद माझे विद्यार्थीही ठेवत नाहीत.

एक गंमत. तुमचं पत्र वाचून कपाट उपसलं. मामीनं जाण्याआधी गावाकडून पुण्याला येणाऱ्या भागवतच्या हाती पाठवलेली बरणी सापडली. टाचांच्या भेगांसाठी असेल म्हणून ठेवून दिली होती आणि वर्षभरात झाकणसुद्धा काढलं नाही. लाज वाटली मला. तिच्यातही मधोमध लाल थेंब आहे! बरणी प्रयोगशाळेत नेऊन कॅमेऱ्याखाली ठेवलीय, दर दहा मिनिटांनी एक फोटो. टेबल असं आहे की खालून ट्रक गेला तरी हादरत नाही. कोणी हात लावू नये म्हणून झाकणावर चिकटपट्टी लावून वर सही केलीय. आता दोन्ही बरण्यांची शर्यत लावू.

खरचटलेलं बोट डॉक्टरला दाखवा. तुम्हाला साखर आहे हे तुम्ही विसरता, मी विसरत नाही.

अनुपमा

*

संग्रामपूर
२४ नोव्हेंबर, सोमवार

अनुपमा,

एसटीचा दाखला पटला. मात्र तुझ्या त्या एसटीत माणूस एकदा तरी आपल्या गावाला उतरतो, तेव्हा माझा थेंबही कुठेतरी निघालाय असं मी धरून चाललो आहे.

नोंद देतो. बरणीच्या तोंडावर मधोमध दोरा ताणून ठेवला आहे.

पंधरा तारखेला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या डोळ्यादेखत सरकला. मी समोर खुर्चीत होतो. एकवीस तारखेला दुपारी तीन बेचाळीसला पुन्हा. दोन्ही वेळा काठाकडे. आता मध्यापासून काठापर्यंतची जवळजवळ अर्धी वाट झाली आहे.

खरं सांगू का, मी हल्ली बरणीसमोरच बसतो. थेंब हलतो त्याच्या आधी घरात काहीतरी बदलतं. काय, ते लिहिता येत नाही. मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. पण एकवीस तारखेला मला परातीत पाणी फेटल्याचा आवाज आला. तळहाताचा, सपसप. मान वळवली तर परात आपली भिंतीला टेकवलेली, कोरडी. परत बरणीकडे पाहिलं तोवर थेंब सरकलेला होता. पोरी, मला भीती वाटली नाही. बरं वाटलं.

मी ठरवलं आहे. मंजुळा माझ्यासाठीच थेंब घालून गेली, तो काठाला लागेल तेव्हा सगळं नीट होईल. तोवर मी इथून कुठे जात नाही. पुण्याचंही तूर्त राहू दे.

तुळशीराममामा

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

ताई, मी शेजारची वंदना. मामाची चिठ्ठी पोस्टात टाकाले मीच नेतो म्हनून मागं लिहून राह्यली. मामा तुमाले सांगत नाईत. पायाचं एक बोट निळं पडलं, दुसरं सुजलं. पट्टी मी बांधतो, पन वास येऊन राह्यला. दवाखान्यात चला म्हटलं का म्हनतात, थेंब काठाले लागू दे, मंग जाऊ. तुमीच काई करा.

*

पुणे
२९ नोव्हेंबर

मामा,

वंदनानं कागदाच्या मागे लिहिलंय ते तुम्ही वाचलं नसणार. तिला रागावू नका, मी तिचे पाय धरायला हवेत.

चाळीस वर्षं तुम्ही दवाखान्यात होतात. साखरेच्या माणसाचं निळं बोट म्हणजे काय, ते तुम्ही किती जणांना समजावून सांगितलं असेल? असंच बोट निळं पडलेल्या नारायणराव पाटलांना तुम्हीच पाठीवर घालून जीपमध्ये बसवलं होतं, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. आणि स्वतःचा पाय समोर सडतोय तर बरणीसमोर खुर्ची मांडून बसलात? मला खूप राग आलाय, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटतेय. वंदना फोनवर सांगत होती, तिनं रिक्षा बोलावली आणि तुम्ही दवाखान्याच्या फाटकातून परत फिरलात. हे बोट गेलं तर पाऊल जाईल, पाऊल गेलं तर पाय. मामी गेली, आता तुम्हीही असे बसून जाणार का?

अकोल्याच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. मी येते आणि तुम्हाला नेते. पण तुम्ही हो म्हणायला हवं, तुम्हाला उचलून नेणं मला जमणार नाही.

दोन-तीन गोष्टी विचारते, उत्तर लगेच द्या, स्पीड पोस्टानं. तुमच्या नोंदीतल्या वेळा कोणत्या घड्याळाच्या? ते घड्याळ किती पुढे-मागे आहे? फक्त नोंदीसाठी विचारतेय.

दुसरं, मामी लोकांना मलम कसं लावायला सांगायची? बरणीतून कुठून घ्यायचं, किती वेळा, सगळं आठवून लिहा.

तिसरं, माझ्या बरणीच्या बुडाला खालून कापडाचा तुकडा डकवलेला आहे. हिरवा, त्यावर बारीक पिवळे ठिपके. ते काय आहे?

अनुपमा

*

संग्रामपूर
४ डिसेंबर

अनुपमा,

भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. मंजुळेनंच ठेवलं होतं, मला दवाखान्यात उशीर होऊ नये म्हणून. मी ते मागे केलं नाही. परवा मंगळवारी थेंब तिसऱ्यांदा सरकला, घड्याळात नऊ सत्तावीस, सकाळी.

मलमाचं म्हणशील तर तिचं ठरलेलं होतं. रोज दोन वेळा लावायचं. बोट काठालाच घालायचं, मधे नाही. थेंबाला बोट लागता कामा नये. काठाकाठानं घेत आत यायचं. "मधात हात घातला तर याद राखा," असं ती मोठमोठ्यांना दटावायची. थेंब काठाला आला की तो सगळ्यात शेवटी लावायचा, आणि बरणी घासून परत आणून द्यायची.

आता कापडाचं.

तिला लिहिता येत नव्हतं. कोणाची बरणी कोणती ते कळावं म्हणून ती त्या माणसाच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी बुडाला डकवायची. माझ्या बरणीखाली माझ्या निळ्या पट्ट्यांच्या शर्टाची आहे. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, तुझ्या बरणीला तुझ्या जुन्या फ्रॉकचा तुकडा असेल. मग मी तिची पेटी उघडली. वर्षात पहिल्यांदा.

हिरवं, पिवळ्या ठिपक्यांचं तिचं लुगडं आहे. पदराचा कोपरा कातरीनं कापलेला.

अनुपमा, ती बरणी तुझी नाही. ती तिनं स्वतःसाठी केली होती. छातीतली गाठ आपल्याला शेवटच्या आठवड्यात कळली, तिला आधीपासून माहीत होती. दोघांच्या बरण्या तिनं एकाच परातीत, एकाच शंभर पाण्यांत केल्या, आणि आपली मला दिसू नये म्हणून तुझ्याकडे पाठवली. मी कंपाउंडर. रोज तिच्या हातचं जेवत होतो, आणि मला दिसलं नाही.

यापुढे मला लिहिता येत नाही. येऊ नकोस. थेंबाची थोडी वाट उरली आहे.

तुळशीराममामा

*

पुणे
८ डिसेंबर

मामा,

तुमचं पत्र हातात घेऊन मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. आज सगळं खरं लिहिते, लपवणारी माणसं आपल्या घरात पुरे झाली.

मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. माझ्या बरणीतला, म्हणजे मामीच्या बरणीतला, थेंब पंधरा नोव्हेंबरला हलला. फोटो अकराचा आणि अकरा-दहाचा, त्या दोन फोटोंच्या मधे. एकवीसला साडेतीन आणि तीन-चाळीसच्या मधे. तुमच्या घड्याळातून सात मिनिटं वजा केली की दोन्ही वेळा बरोबर त्यात बसतात. मंगळवारी नऊ-वीस ते साडेनऊ. तुमचे नऊ-सत्तावीस म्हणजे खरे नऊ-वीस. दोन गावं, दोन बरण्या. एकदा झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. मी कॅमेरा तपासला, खोलीचं तापमान तपासलं, बाजूला साध्या तुपाच्या दोन बरण्या ठेवल्या. त्यांतला एकही थेंब हलला नाही. मामा, माझ्याकडे याचं उत्तर नाही. आता त्या खोलीत एकटीनं जायला मला नको वाटतं, तेही भर दुपारी.

पण दुसऱ्या एका गोष्टीचं उत्तर आहे, आणि ते तुमच्याच पत्रात आहे.

रोज दोन वेळा काठाकडून मलम घ्यायचं, मधे हात घालायचा नाही. मग काय होईल? थेंब जागचा हलणारही नाही. कमी होत होत काठच आत येईल आणि एक दिवस थेंबाला लागेल. तोवर माणसानं महिना-दीड महिना न चुकता औषध लावलेलं असेल. म्हणून दुखणं गेलेलं असायचं. मामीला ते नक्की माहीत होतं. नाव घेणं, कुंकू, दटावणं, हे सगळं लोकांनी औषध मधेच सोडू नये म्हणून होतं. तिच्या सगळ्या रोग्यांत बरणी न उघडता थेंबाची वाट पाहत बसलेले तुम्ही एकटेच!

तिनं तुम्हाला बसायला सांगितलं नव्हतं. हात घालायला सांगितलं होतं. स्वतःच्या बरणीला तिनं हात घातला नाही, लपवली आणि गेली. तुम्हीही तेच करताय. मी तुम्हाला करू देणार नाही.

जखमेवर ते तूप लावू नका, आता ते डॉक्टरांचं काम. मी शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन पोचते. बॅग भरून ठेवा. बरणी घरीच राहील.

अनुपमा

*

संग्रामपूर
२८ जानेवारी २०२६

अनुपमा, पोरी,

अकोल्याहून घरी येऊन दहा दिवस झाले. तू गेल्यावर घर पुन्हा मोठं झालं. दोन बोटं गेली, पाऊल राहिलं. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस थांबला असता तर गुडघ्याखाली कापावं लागलं असतं. हे मी तुला तोंडानं सांगू शकलो नाही, म्हणून लिहितो. शुक्रवारी तू दारात उभी राहिलीस तेव्हा बॅग भरलेली नव्हती. पण तू जिन्यात बसून रडलीस ते वाचल्यापासून चपला मात्र मी दाराशी आणून ठेवल्या होत्या.

काठाचं तू लिहिलंस ते खरं. चाळीस वर्षं मी तिच्या शेजारी बसून जे पाहिलं नाही, ते तू एका पत्रातून पाहिलंस. मला वाईटही वाटलं आणि हसूही आलं. केवढी लबाड होती ती.

आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. वंदना रोज चहा आणते, उसळ आणते, वर दम देते, "मामा, पाय खाली सोडून बसू नका, कितीदा सांगू!" जखम भरत आली आहे. नवी कातडी ताणते आणि कोरडी पडते. डॉक्टरांना विचारलं, तूप लावू का? म्हणाले, पूर्ण मिटल्यावर, तीन आठवड्यांनी खुशाल लावा.

मी दवाखान्यात होतो तेवढे दिवस माझा थेंब हलला नाही. दोरा ठेवून गेलो होतो, तिथेच आहे, काठापासून बोटभर. तुझ्याकडचा?

आवाज परत आला नाही. सांगायला लाज वाटते, पण मी त्याची वाट पाहतो.

तुळशीराममामा

*

पुणे
२३ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळी सहा

मामा,

मागच्या पत्राचं उत्तर राहिलं होतं, ते आज असं लिहायला लागेल असं वाटलं नव्हतं. टेबल माझ्यासमोर आहे आणि खोलीत अपेक्षा, माझी विद्यार्थिनी, सोबतीला बसवून घेतलीय. झालं ते झालं तसं लिहिते.

मामीचा थेंबही दोन डिसेंबरच्या त्या मंगळवार सकाळपासून थांबलेला होता. काठापासून बोटभर, तुमच्यासारखाच. अडीच महिने. कॅमेरा बंद करावा असं ठरवून मी आज पाच वाजता खोली उघडली.

बरणीत थेंब नाही.

चिकटपट्टी जशीच्या तशी आहे. माझी सही जोडलेली आहे, कुठे सुरकुतीही नाही. अपेक्षानंही पाहिलं. काचेच्या आत, काठापासून थेंबाच्या जागेपर्यंत तुपात एक खोलगट चर आहे. कोणीतरी काठाला बोट घालून आत ओढत न्यावं आणि तूप उचलून घ्यावं तसा. कुंकवाचा ठिपकासुद्धा मागे नाही.

मी कॅमेऱ्यातले आजचे फोटो उघडून पाहिले. चार-दहाच्या फोटोत तूप सपाट आहे, थेंब आहे. चार-वीसच्या फोटोत तो चर आहे. मधल्या दहा मिनिटांत काय झालं ते कॅमेऱ्याला दिसलेलं नाही.

थेंब सरकतात, मामा, टोळकी हलतात, पृष्ठभाग खचतोही. मी स्वतःला हे तासभर सांगून पाहिलं. पण खचलेल्या जागेला बोटाची रुंदी नसते. बोट बारीक आहे, बाईमाणसाचं. आणि टोकाशी तो चर डावीकडे वळलाय.

चिकटपट्टी मी काढणार नाही. हे मी कुठल्या शोधनिबंधातही लिहिणार नाही. रविवारी बरणी घेऊन तुमच्याकडे येते, ती तुमच्या घरात असायला हवी. मला एवढंच कळवा, आज चारच्या सुमाराला तुम्ही काय करत होतात?

अनुपमा

*

संग्रामपूर
२३ फेब्रुवारी, सोमवार

अनुपमा, पोरी,

तुझं उत्तर आलेलं नाही, पण आजचा दिवस कोणाला तरी सांगावा म्हणून लिहितो. वंदना सहाच्या आत टपालात टाकते म्हणाली.

आज बरणी उघडली. जखम मिटली आहे, डॉक्टरांची परवानगी आहे, आणखी कारण शोधून सापडेना. झाकण जवळजवळ दीड वर्षाचं बसलेलं, वंदनानं गरम फडकं धरून सैल केलं. वास तोच. तिच्या तळहाताला यायचा तो. वंदना म्हणाली, "लावा ना मामा, काऊन थांबले?" आणि चहा टाकायला गेली.

सांगितलं होतं तसंच केलं. काठाला बोट घातलं, आत ओढत आणलं. तेवढ्यात काठ थेंबापाशी पोचला आणि थेंब बोटावर आला. मी तो नव्या कातडीवर लावला. गार वाटलं. मग मला रडू आलं. कान गेल्यापासून आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्यानं रडलो कोण जाणे, वंदना धावत आली.

एक गोष्ट तिला सांगितली नाही, ती तुला सांगतो. साऱ्या गावाला मलम करून दिलं, पण मंजुळेनं स्वतःला कधी बोटभर लावलेलं मी पाहिलं नाही. आपल्या नावाची बरणी केली तीसुद्धा दूर पाठवून दिली. ते मनात आलं, तेव्हा थेंब अजून माझ्या बोटावर होता. मी मोठ्यानं म्हटलं, "मंजुळे, मी लावून राह्यलो वं. आता तूबी लाव."

सवयीनं घड्याळ पाहिलं. चार बावीस झाले होते. त्यातली सात मिनिटं वजा कर.

तुळशीराममामा